नेट गेलं की आधी काळी खिडकी उघडा

सोमवारी सकाळी साडेदहाला फोन येतो. "मॅडम, नेट गेलंय. ई-वे बिल निघत नाही, गाडी दारात उभी आहे." सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले काही चादर-टॉवेलचे कारखाने आणि चाटी गल्लीतली काही दुकानं यांच्या कॉम्प्युटरची कामं मी बघते. त्यामुळे हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडतं. मी पोहोचेपर्यंत तिथल्या मुलाने राउटर दोनदा बंद-चालू केलेला असतो, वायरी उपसून परत खोचलेल्या असतात आणि कुठल्यातरी सेटिंगमध्ये शिरून चार खुणा बदललेल्या असतात. सकाळी एकच बिघाड होता, दुपारपर्यंत त्याचे तीन होतात.

मागावर उभा धागा तुटला की विणकर काय करतो ते आठवा. सगळा ताणा उतरवत बसत नाही. बोटाने धागे सारत तुटका धागा शोधतो, तिथेच गाठ मारतो आणि माग सुरू करतो. नेटवर्कमध्ये ते बोट म्हणजे कमांड लाइन, म्हणजे हुकूम (कमांड) टाइप करून द्यायची ती काळी खिडकी. कॉम्प्युटरला नुकताच हात लावलेल्या, पण ऑफिसात "तुला जमतं ना, बघ जरा" असं ज्याला सांगितलं जातं, त्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. बहुतेक ऑफिसांत विंडोज असतं, म्हणून मुख्य भर त्यावर.

खिडकी उघडणं आणि लिहून ठेवणं

कीबोर्डवर विंडोजची खूण असलेलं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटी चौकट येईल. त्यात सी-एम-डी टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल.

इथे सगळ्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे. स्पेलिंग अडेल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. फोनवरही मी अशीच सांगते. पलीकडे कधी तेलुगू बोलणारा असतो, कधी कन्नड, कधी मराठी, पण अक्षरं आणि आकडे सगळ्यांना सारखेच कळतात.

भीती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा. कमांड दोन प्रकारच्या असतात, बघायच्या आणि बदलायच्या. बघायच्या कमांड शंभर वेळा चालवल्या तरी काही बिघडत नाही. पहिल्या तीन पायऱ्यांत जवळजवळ सगळ्या बघायच्याच आहेत, बदलायची आली की तिथे सांगेन. चालू असलेलं काही थांबवायचं असेल तर कंट्रोल आणि सी. आधी टाइप केलेलं परत हवं असेल तर वरच्या बाणाचं बटण.

पहिलं काम, तेही सगळं सुरळीत असलेल्या दिवशी करायचं:

आयपीकॉन्फिग /ऑल | क्लिप

अक्षरं अशी: आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी. मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ए-एल-एल. त्यानंतरची उभी रेघ एंटरच्या वर किंवा शेजारी असलेल्या बटणावर शिफ्ट दाबून येते, आणि शेवटी सी-एल-आय-पी. स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, कारण सगळा मजकूर कॉपी होऊन बसलेला असतो. नोटपॅड उघडा, पेस्ट करा, फाइलच्या नावात तारीख आणि त्या मशीनचं नाव घालून ठेवा. शक्य असेल तर कागदावर छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, कारण नेट गेल्यावर ऑनलाइन ठेवलेली फाइल उघडता येत नाही.

पहिली पायरी: माझा पत्ता काय?

आता नुसतं आयपीकॉन्फिग टाइप करून एंटर मारा. बरेच गट दिसतील. "इथरनेट" लिहिलेला गट वायरचा, "वायरलेस लॅन" लिहिलेला वायफायचा. ज्या गटात "मीडिया डिसकनेक्टेड" असेल तो सध्या वापरात नाही, तो सोडा. पण तुमची वायर लावलेली असूनही वायरच्या गटात हेच दिसत असेल, तर शोध संपला. वायर, तिची टोकं किंवा पलीकडचा स्विच, म्हणजे सगळ्या मशीनच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा बघा.

चालू गटात तीन ओळी महत्त्वाच्या असतात. आयपीव्ही४ ॲड्रेस, सबनेट मास्क आणि डीफॉल्ट गेटवे. सोलापूरकराला या तीन गोष्टी समजावणं सोपं आहे. पत्त्यात पेठ असते आणि घर नंबर असतो. आयपी पत्ता १९२.१६८.१.३४ आणि मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे म्हणजे पेठ आणि शेवटचा ३४ हा घर नंबर. आणि गेटवे म्हणजे वेस. तुळजापूर वेस, विजापूर वेस, बाळीवेस ही नावं आपण रोज घेतो. पेठेतल्या पेठेत जायला वेस लागत नाही, गावाबाहेर जायचं तर वेशीतूनच जावं लागतं. तसंच ऑफिसातला प्रिंटर पेठेतला असतो आणि जीएसटीचं पोर्टल वेशीबाहेरचं. म्हणून नेट बंद असतानाही प्रिंट निघते. वेस म्हणजे बहुतेक ठिकाणी तुमचा राउटर, आणि त्याचा पत्ता तुमच्याच पेठेतला असायला हवा.

पत्ता १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ च्या दरम्यान असेल, तर तो खाजगी वापराचा नेहमीचा पत्ता आहे. हे गट १९९६ पासून अशा आतल्या नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणूनच तुमच्या घरी आणि शेजारच्या दुकानात दोन्हीकडे १९२.१६८.१.१ दिसतं, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र थांबा. मशीनने "मला पत्ता द्या" म्हणून हाक मारली, कोणी ओ दिली नाही, तेव्हा त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला, असा याचा अर्थ. पत्ते वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात आणि लहान ऑफिसात ते राउटर करतो. मशीन आणि राउटर यांच्यामध्ये काहीतरी तुटलंय किंवा राउटरच अडकलाय. आपल्या कारखान्यांत मी सगळ्यात आधी मधला स्विच बघते. विणकामाच्या शेडमध्ये कापसाचे बारीक तंतू हवेत उडत असतात, स्विचच्या जाळीवर त्यांचा थर बसतो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेला की तो डबा हाताला चटका देतो. वायर लावलेल्या भोकाशेजारचा दिवा लागतोय का बघा. लागत नसेल तर तीच वायर दुसऱ्या भोकात लावून बघा.

आणि एक प्रकार असा की पत्ता दिसायला चांगला असतो, पण पेठ भलतीच. गेल्या उन्हाळ्यात एका टॉवेलच्या कारखान्यात अकरापैकी सहा मशीनचं नेट गेलं. सगळ्यांनी लाइनला दोष दिला, तक्रारही नोंदवून झाली होती. मी दोन मशीन शेजारी-शेजारी ठेवून आयपीकॉन्फिग चालवलं. चालू मशीनवर १९२.१६८.१.३४, बंद मशीनवर १९२.१६८.०.१०२. पेठच वेगळी! विचारत गेले तर कळलं, पॅकिंग विभागात वायफाय पोहोचावं म्हणून एकाने घरचा जुना राउटर आणून वायरीला जोडला होता. तोही पत्ते वाटायला लागला. ज्या मशीनला त्याचं उत्तर आधी मिळालं, ते त्याच्या पेठेत गेलं, आणि त्याच्या वेशीबाहेर रस्ताच नव्हता. त्या राउटरची वायर काढली, सहा मशीनना नवा पत्ता मागायला लावला, काम झालं. जुना राउटर असा वापरायचाच असेल तर त्यातलं डीएचसीपी बंद करा, त्याला तुमच्या पेठेतला एक रिकामा घर नंबर द्या आणि वायर त्याच्या लॅनच्या भोकात लावा.

दुसरी पायरी: हाक मारत पुढे जाणं

इथे पिंग लागतं, पी-आय-एन-जी. माइक म्यूस या अमेरिकन संशोधकाने १९८३ मध्ये ते लिहिलं. पाणबुडीचं सोनार आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतं, त्या आवाजावरून हे नाव. कामही तेच, एक छोटा निरोप पाठवायचा आणि उलट येतो का बघायचं. विंडोजवर असे चार निरोप जातात. जवळून लांब या क्रमाने हाका मारा:

पिंग १९२.१६८.१.१
पिंग ८.८.८.८
पिंग गूगल.कॉम

पहिल्या ओळीत तुमच्या स्क्रीनवर दिसलेला गेटवेचा पत्ता घाला, माझा नको. दुसरा पत्ता गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा (डीएनएस म्हणजे काय ते तिसऱ्या पायरीत येईल), लक्षात राहायला सोपा म्हणून वापरायचा.

वेशीवरूनच उत्तर आलं नाही तर बिघाड तुमच्या ऑफिसात आहे. लाइनवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. वेस उत्तर देते पण ८.८.८.८ देत नाही, आणि शेजारच्या मशीनवरही तसंच होतंय, तर बिघाड राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनवर. ८.८.८.८ उत्तर देतंय पण नावाने हाक मारली की मशीन म्हणतं असा कोणी सापडत नाही, तर तिसऱ्या पायरीवर जा.

आलेलं उत्तर नीट वाचायची सवय लावा, घाईत सगळे इथेच चुकतात. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" म्हणजे निरोप गेला, पण ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" आणि त्याच ओळीत तुमचा स्वतःचाच पत्ता, म्हणजे तुमच्या मशीनला पेठेत ते घरच सापडलं नाही. प्रिंटरला पिंग करताना असं आलं तर प्रिंटर बंद आहे, त्याची वायर निघालीय किंवा त्याचा पत्ता बदललाय. शेजारच्या विंडोज मशीनने मात्र पिंगला उत्तर दिलं नाही म्हणून ते बंदच आहे असं समजू नका. त्याची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारा पहारेकरी, उत्तर अडवत असू शकते.

प्रत्येक ओळीत टाइम असतो, मिलीसेकंदांत. वायरने वेशीपर्यंत एक किंवा त्याहून कमी यायला हवा. वायफायवर थोडा जास्त चालतो. पण वेशीपर्यंतच कधी ३, कधी ४०० असा उड्या मारत असेल तर वायफाय कमजोर आहे.

नेट "येतं-जातं" अशी तक्रार असेल तर पिंगच्या पत्त्यानंतर जागा सोडून आडवी रेघ आणि टी लावा. मग ते थांबवेपर्यंत चालू राहतं. एका ऑफिसात हे लावून मी खुर्चीत शांत बसून राहिले. ऑफिसच्या भिंतीपलीकडे शेड होती. ओळीमागून ओळ उत्तरं येत होती. पलीकडे मागांची एक रांग सुरू झाली, टेबलावरचा चहाचा कप हलायला लागला आणि स्क्रीनवर एकापाठोपाठ तीन वेळा "टाइम्ड आउट". रांग थांबली, उत्तरं परत सुरू. भिंतीवरच्या जोडाशी गेले, तर वायरीच्या प्लास्टिकच्या टोकाची कळ तुटलेली होती. भिंत थरथरली की टोक केसभर मागे सरकायचं. टोक नवीन बसवलं. चार महिने "नेट स्लो आहे" म्हणून चाललेली कुरकुर तिथे थांबली.

तिसरी पायरी: नावं आणि नंबर

कॉम्प्युटर आकड्यांनी बोलतात, आपण नावं टाइप करतो. नावावरून नंबर सांगणारी जी वही असते ती डीएनएस. ती विचारायची कमांड:

एनएसलुकअप गूगल.कॉम

अक्षरं एन-एस-एल-ओ-ओ-के-यू-पी. वरच्या दोन ओळींत कोणाला विचारलं ते येतं, खाली उत्तर. उत्तर नाही आलं तर तोच प्रश्न दुसऱ्याला विचारा:

एनएसलुकअप गूगल.कॉम ८.८.८.८

दुसऱ्याने सांगितलं आणि पहिल्याने नाही, तर तुमची वही बिघडली आहे, लाइन ठीक आहे. तेव्हा डीएनएस बदलून ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ लावून काम चालवता येतं. पहिला २००९ पासून आणि दुसरा २०१८ पासून सगळ्यांना मोफत खुला आहे. एनएसलुकअप बरोबर सांगतंय पण ब्राउझर अडलाय, असं असेल तर मशीनने जुनं उत्तर जपून ठेवलेलं असू शकतं. ते पुसायचं: आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस. ही बदलायच्या प्रकारातली कमांड आहे, पण अगदी निर्धोक.

सगळे पिंग बरोबर, नावंही सापडतायत आणि तरी बँकेची किंवा सरकारी साइट "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नसेल, तर खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनमधला सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझर साइटचं प्रमाणपत्र नाकारतो. नेटवर्कचा यात काही दोष नसतो, पण यापायी राउटर बदललेले मी पाहिलेत.

ट्रेसर्ट नावाची एक कमांड आहे, टी-आर-ए-सी-ई-आर-टी. ती वाटेतले थांबे दाखवते, जास्तीत जास्त ३०. मध्येच एखाद्या थांब्यावर तारका दिसल्या आणि पुढचे थांबे आले तर काळजी नको, तो थांबा फक्त उत्तर देत नाही. पहिल्या थांब्यानंतर शेवटपर्यंत तारकाच असतील आणि साइटही उघडत नसेल, तर पिंगने जे सांगितलं त्यालाच दुजोरा मिळाला.

चौथी पायरी: आता बदलायचं

यासाठी खिडकी वेगळ्या प्रकारे उघडा. स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करा, आलेल्या नावावर उजवं क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा.

नवा पत्ता मागायचा असेल तर दोन कमांड, एकामागून एक:

आयपीकॉन्फिग /रिलीज
आयपीकॉन्फिग /रिन्यू

पहिल्या कमांडने पत्ता सुटतो. तुम्ही दुसऱ्या गावाहून त्या मशीनवर रिमोटने बसला असाल तर ही कमांड अजिबात देऊ नका. त्याच क्षणी तुमचा संबंध तुटेल आणि दुसरी कमांड द्यायला तिथे कोणी नसेल.

बिलिंगच्या मुख्य मशीनला कायमचा पत्ता द्यावा लागतो, नाहीतर बाकीच्या मशीनना ते सापडत नाही. माझ्या मते हे राउटरमध्येच त्या मशीनच्या नावाने राखून ठेवणं उत्तम. ते जमत नसेल तर इथून करता येतं. आधी जोडणीचं नाव बघा: नेटश इंटरफेस शो इंटरफेस. नेटश म्हणजे एन-ई-टी-एस-एच. नाव "इथरनेट" असेल तर:

नेटश इंटरफेस आयपी सेट ॲड्रेस "इथरनेट" स्टॅटिक १९२.१६८.१.२५० २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.१
नेटश इंटरफेस आयपी सेट डीएनएस "इथरनेट" स्टॅटिक १९२.१६८.१.१

क्रम पत्ता, मास्क, वेस असा. दुसरी ओळ विसरलात तर आकड्यांनी सगळं चालेल आणि नावांनी काहीच नाही. घर नंबर निवडताना राउटर जे नंबर वाटतो त्यांच्या बाहेरचा घ्या, नाहीतर उद्या कोणाच्या तरी मोबाइलला तोच मिळेल आणि दोघांचंही बिनसेल. निवडलेल्या नंबरला आधी पिंग करा. लगेच एआरपी आडवी-रेघ ए चालवा. पेठेत नुकतंच कोण कोण सापडलं त्याची यादी येते. पिंगला उत्तर न देणारं यंत्रही बहुतेक वेळा त्या यादीत दिसतं. नंबर तिथे असेल तर दुसरा निवडा. परत आपोआप पत्ता घ्यायचा असेल तर पहिल्या ओळीत नावानंतर फक्त डीएचसीपी लिहा, दुसऱ्या ओळीतही तसंच.

नेटश इंट आयपी रीसेट आणि नेटश विन्सॉक रीसेट या दोन कमांड लोक औषधाच्या गोळीसारख्या सुचवतात. त्या चालतात, मशीन बंद करून सुरू करावं लागतं, पण पहिली कमांड हाताने लावलेले पत्ते पुसून टाकते. सुरुवातीच्या काळात मी एका सुताच्या दुकानात बिलिंगच्या मशीनवर ती चालवली, जुने आकडे लिहून न घेता. नेट आलं, पण बाकीच्या चार मशीनवरचं बिलिंग बंद पडलं. गिऱ्हाइकं उभी, दिवाळीआधीचा आठवडा. जुना पत्ता शोधायला मला दोन तास लागले. वर कागद छापून कपाटाला लावा म्हटलं ते त्या दिवसापासून.

वायफायसाठी एक कमांड पुरे: नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस. त्यात सिग्नल टक्क्यांत दिसतो. लॅपटॉप हातात घेऊन खोल्यांतून फिरा आणि प्रत्येक ठिकाणी ती चालवा. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतीपलीकडे आकडा कसा धाडकन उतरतो ते बघितलंत की राउटर कुठे टांगायचा ते कोणाला विचारावं लागणार नाही.

लिनक्स असेल तर पत्त्यासाठी आयपी ॲडर, वेशीसाठी आयपी राउट, डीएनएससाठी रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस. तिथे पिंग आपणहून थांबत नाही, कंट्रोल-सी दाबावं लागतं. शोधायचा क्रम तोच.

लाइनवाल्याला फोन करताना

"नेट गेलंय" एवढंच सांगू नका. असं सांगा: "दोन मशीनवर बघितलं, गेटवेला पिंग होतंय, ८.८.८.८ ला होत नाही, राउटर एकदा बंद करून सुरू केलाय, दहा वाजून वीस मिनिटांपासून बंद आहे." मग पलीकडचा माणूस तुम्हाला परत वायर काढायला लावत नाही.

आणि गाडी खरंच दारात उभी असेल तर लाइन दुरुस्त होण्याची वाट बघू नका. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, लॅपटॉप त्याला जोडा आणि ई-वे बिल काढा. मात्र आता आयपीकॉन्फिग चालवलंत तर पेठ बदललेली दिसेल, त्यामुळे नेटवर्कवरचा प्रिंटर सापडणार नाही. बिल पीडीएफ म्हणून डेस्कटॉपवर ठेवा, हॉटस्पॉट सोडा, ऑफिसच्या वायफायला परत जोडा आणि मग छापा. वेशीबाहेरचा रस्ता बंद असला तरी पेठेतला प्रिंटर चालूच असतो.